सुंभ कुजला, पीळ राहिला: जपानची जोमोन मडकी वाचायची कशी

जोमोन मडकं असं नेटवर शोधलंत तर बहुतेक एकच फोटो परत परत समोर येतो. काठावरून ज्वाळा उसळल्यात असं वाटणारं, अंगभर वळणं वळणं असलेलं, भरगच्च मडकं. देखणं आहे, त्यात वाद नाही, पण गंमत बघा, जोमोन म्हणजे दोरीची नक्षी, आणि या सगळ्यात फेमस मडक्यावर दोरीचा ठसा जवळजवळ नसतोच. म्हणजे घराण्याचं नाव एक आणि फोटोत भलताच पाहुणा. माझं मत विचाराल तर ज्वाळा जरा बाजूला ठेवा आणि आधी दोरी बघा, खरं डोकं तिथे लावलेलं आहे. ज्वाळांकडे नंतर येऊच.

आधी थोडी ओळख. जपानमध्ये भातशेती येण्याआधी हजारो वर्षं जे लोक शिकार, मासेमारी, कंदमुळं आणि जंगलातली फळं यावर जगत होते, त्यांना आज जोमोन लोक म्हणतात. त्यांची सगळ्यात जुनी खापरं आओमोरी भागातल्या ओदाई यामामोतो इथे सापडली, सुमारे १६ हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे हिमयुग अजून सरलेलं नव्हतं तेव्हाची. चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेतली खापरं त्याहून जुनी आहेत, २० हजार वर्षांच्या आसपासची. आपण शाळेत शिकलो की आधी शेती आली, मग माणूस एका जागी राहायला लागला, मग मडकी आली. इथे तर शेतीचा पत्ता नाही आणि मडकी हजर! तेव्हा तो क्रम डोक्यातून काढून टाका.

जोमोन हे नाव पडलं ते एका अमेरिकन माणसामुळे. एडवर्ड मोर्स नावाचा प्राणीशास्त्रज्ञ १८७७ मध्ये समुद्रातले शंखशिंपल्यांसारखे जीव अभ्यासायला जपानला आला, आणि योकोहामाहून टोकियोला जाताना ट्रेनच्या खिडकीतून त्याला ओमोरीजवळ रुळांच्या कडेला शिंपल्यांचा थर दिसला. शिंपले हा त्याचाच विषय, त्यामुळे ते काय आहे हे त्याच्या लगेच लक्षात आलं, जुन्या लोकांनी खाऊन टाकलेल्या कालवांचा, शिंपल्यांचा उकिरडा. तिथे खोदल्यावर जी खापरं निघाली त्यांच्यावर दोरीचे ठसे होते, त्याने १८७९ च्या अहवालात तसं लिहिलं, आणि त्या वर्णनाचं जपानी भाषांतर पुढे अख्ख्या युगाचं नाव होऊन बसलं.

आता घडवण्याकडे येऊ. चाक नाही. एकही जोमोन मडकं चाकावर फिरवलेलं नाही, हजारो वर्षांत एकही नाही. मातीच्या लांब वळ्या करायच्या, बोटाएवढ्या किंवा थोड्या जाड, एकावर एक गोल रचत जायचं, आतून बाहेरून बोटाने दाबून सांधे बुजवायचे. भराभर रचून चालत नाही हां, खालची माती ओली असताना वर वजन टाकलं की अख्खं मडकं बसतं, म्हणून थोडं रचायचं, थोडं सुकू द्यायचं, परत रचायचं. सांधे वरून कितीही लिंपले तरी आत ते कच्चेच राहतात, त्यामुळे पुष्कळ मडकी फुटताना बरोब्बर त्या वळीच्या रेषेवरच फुटलीयेत, आणि खापराची कड नीट पाहिली तर एक वळी दुसरीवर कशी चढवली होती ते अजून दिसतं.

चाक नव्हतं म्हणजे मडकं फिरवायची सोयच नव्हती असंही नाही. चटईवर किंवा मोठ्या पानावर ठेवून घडवायचे, म्हणजे चटई फिरवली की मडकं फिरतं. बुडाखाली बघितलं की चटईची वीण किंवा पानाच्या शिरा जशाच्या तशा छापलेल्या मिळतात. दक्षिणेकडच्या क्युशू बेटावरच्या काही मडक्यांच्या बुडावर तर देवमाशाच्या मणक्याच्या चकतीचा ठसा आहे. व्हेलचं हाड पाट म्हणून वापरायचे! मला हे वाचून फार आवडलं होतं, समुद्राकाठच्या माणसाला हाताशी जे गोल आणि सपाट मिळालं ते त्याने घेतलं.

भाजणं उघड्यावर. आवा किंवा बंद भट्टी नाही, नुसती लाकडं रचून जाळ करायचा, तापमान साधारण ६०० ते ९०० अंश. त्यामुळे मडकी तपकिरी-तांबूस, मधेमधे काळे डाग, आणि हाताला खरखरीत, जरा सच्छिद्र. बंद भट्टीतलं कडक भाजलेलं भांडं जपानात इसवी सनाच्या पाचव्या शतकात कोरियाकडून आलं, ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची.

आकारांचं बघायचं तर सुरुवात सगळी एकाच आकाराची, खोलगट हंडा, वर तोंड रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला. जपानी लोक त्याला फुकाबाची म्हणतात. जुन्यातल्या जुन्या काळात त्याचं बूड गोल किंवा चक्क टोकदार असायचं, भोवऱ्यासारखं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला प्रश्न पडतोच की हे उभं राहायचं कसं. तर ते आपल्या फरशीवर उभं राहायचं नव्हतंच, ते चुलीतल्या राखेत किंवा मातीत रोवायचं, बाजूने दगडांचा टेकू द्यायचा आणि भोवती जाळ. निमुळत्या अंगाला सगळीकडून आच लागते, आणि बुडाला कोपरा नसल्याने तिथे तडा जायची भीती कमी. पुढे लोक घरं बांधून एका जागी जास्त राहायला लागले, घरात चोपलेली जमीन आली, तशी मडक्यांची बुडंही सपाट होत गेली, साधारण इसवी सनपूर्व ५००० नंतरच्या काळात बहुतेक ठिकाणी सपाट बूड हाच नियम. त्याच सुमाराला टोकियोच्या आसपासच्या कान्तो भागात मातीत गवताचे, झाडपाल्याचे तंतू मळायची पद्धत होती, सुकताना तडे जाऊ नयेत म्हणून. भाजताना तंतू जळून जातात आणि खापर मोडलं की आत काळपट, बारीक बारीक पोकळ्या दिसतात.

ह्या हंड्यात शिजायचं काय तर मासे, शिंपले, आणि ओक झाडाची कडू फळं जी पाण्यात उकळून कडूपणा काढल्याशिवाय खाताच येत नाहीत. २०१३ मध्ये नेचर मासिकात एक अभ्यास आला होता, १३ ठिकाणच्या १०१ मडक्यांच्या आतला जळका थर तपासलेला, त्यात मोठ्या प्रमाणावर मासे आणि पाण्यातल्या प्राण्यांच्या चरबीच्या खुणा मिळाल्या. खालचं करपलेलं खरवडून १५ हजार वर्षांपूर्वीचा मेनू सांगता येतो, म्हणजे भांडी न घासण्याचाही कुणालातरी उपयोग झाला म्हणायचा.

बरं, आता दोरी. इथे वाचून समजणार नाही, करूनच बघा. कणीक मळाल तेव्हा एक गोळा जरा घट्ट मळा आणि पाटावर लाटून चपटा करा. मग वीतभर सुतळी घ्या. ती सुतळी दोन्ही टोकांना धरून अजून पीळ द्या, खूप द्या, आणि मग मधोमध दुमडा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळले जातील, दोरी वळणाऱ्यांना हे माहीतच आहे. आता ही दुपदरी दोरी कणकेवर आडवी ठेवा आणि तळहाताने लाटण्यासारखी पुढे लोटा, दाबून. नुसती दाबून उचलायची नाही, फिरवत न्यायची. खाली काय उमटतं बघा, तिरप्या ओळींमध्ये तांदळाच्या दाण्यांसारखे ठसे, एकसारखे, सगळ्या पृष्ठभागावर पसरलेले. दोरीच्या एवढ्याशा तुकड्याने हातभर लांब पट्टा भरून निघतो, आणि वेळ लागतो अर्धा मिनिट.

आता दुसरी दोरी करा, सुरुवातीचा पीळ उलट्या दिशेने देऊन. तिचे दाणे उलटे तिरपे पडतील, कारण दोरीवरचा पीळ मातीत आरशातल्यासारखा उलटा छापला जातो. आणि आता दोन्ही दोऱ्या टोकाला टोक गाठ मारून जोडा आणि एकदमच लोटा. एका पट्ट्यात दाणे असे, लगेच शेजारच्या पट्ट्यात तसे, आणि मधोमध पक्ष्याच्या पिसासारखी रेघ तयार! हीच ती पिसाची नक्षी जी इसवी सनपूर्व ५००० नंतरच्या मडक्यांवर अंगभर सापडते. गाठीचाही ठसा उमटतो, कधी मुद्दाम अजून गाठी मारायचे. दोन पदरांच्या दोरीला परत दुमडून चार पदरी करायचे, एखाद्या पदराभोवती बारीक दोरा गुंडाळायचे, काडीला दोरी लपेटून ती काडीच लोटायचे. प्रत्येक प्रकाराचा ठसा वेगळा.

हे सगळं आज सोपं वाटतंय, पण अभ्यासकांना बरीच वर्षं कळलंच नव्हतं. समज असा होता की चटई किंवा कापड ओल्या मातीवर दाबलं असणार. यामानोउची सुगाओ नावाच्या संशोधकाने १९३१ च्या सुमाराला दोऱ्या स्वतः वळून, मातीवर लोटून दाखवलं की हा दाबलेला ठसा नाही, हा फिरवलेला ठसा आहे. एकदा हे कळल्यावर कुलूपच उघडलं, कारण आता खापर बघून दोरी उलटी वळून काढता येते, किती पदर, पहिला पीळ कुठल्या दिशेचा, दुसरा कुठल्या, जोडणी कशी. आणि कुठल्या भागात कुठल्या काळात कुठली दोरी चालायची याचे तक्ते तयार झाले. रेडिओकार्बनने जुन्या वस्तूंचं वय काढायची पद्धत यायच्या आधी जपानच्या हजारो वर्षांचा कालक्रम मुख्यतः मातीचे थर आणि मडक्यांचे प्रकार यावरच उभा राहिला. (नंतर १९५९ मध्ये योकोसुकाजवळच्या नात्सुशिमा इथल्या रेडिओकार्बनच्या तारखा नऊ हजार वर्षांच्या पुढे गेल्या तेव्हा खुद्द यामानोउचीला त्या पटल्या नाहीत, इतकं जुनं असूच शकत नाही म्हणाला. दोरी त्याची बरोबर होती, वर्षं मात्र कमी पडली.)

आपल्याकडे म्हणतात ना, सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, इथे ते शब्दशः झालंय. झाडाच्या सालीची, गवताची दोरी, ती कधीच मातीत मिळाली, पण तिचा पीळ डावा की उजवा हे आज बोटाने चाचपून सांगता येतं.

दोरीच का, यावर एक साधं उत्तर असं देतात की खरखरीत पृष्ठभाग हातातून निसटत नाही आणि लोटताना वळ्यांचे सांधे अजून दाबले जातात. असेलही, पण तेवढ्यासाठी चार पदरी दोरी आणि पिसाची नक्षी कोण करत बसेल? कामापुरतं काम साध्या दोरीने झालं असतं. माझ्या मते ‘आमच्याकडे असंच करतात’ हे जास्त मोठं कारण आहे, आई-आजीच्या हाताखाली शिकलेला हात दुसऱ्या पद्धतीने वळत नाही.

दोरीशिवायही हत्यारं होती, पण ती भराभर सांगतो. सगळ्यात जुन्या काळात मातीच्या बारीक शेवया चिकटवून रेघा काढायचे, नखाचे चंद्रकोरीसारखे ठसे मारायचे. शिंपल्याची दातेरी कड दाबायचे किंवा ओढायचे. पश्चिम जपानात काडीवर नक्षी कोरून ती काडी मातीवर फिरवायचे, त्याने चौकटी किंवा नागमोडी रेघा येतात. आणि एक फार हुशारीचं हत्यार, बांबूची बारीक कांडी उभी मधोमध चिरलेली. तिचं अर्धगोल टोक मातीवर ओढलं की दोन्ही कडा एकदम उमटतात, एका ओढीत दोन समांतर रेघा, मधला भाग गोलसर उंच. पट्टी लागत नाही, मोजावं लागत नाही. मडक्यावर अगदी अचूक जोडरेघा दिसल्या की बांबू आठवायचा.

आता येऊ ज्वाळांकडे. इसवी सनपूर्व ३५०० ते २५०० च्या मधल्या काळात मध्य आणि पूर्व जपानात लोकवस्ती वाढली, मोठमोठी गावं झाली, आणि मडक्यांना जणू अंगात आलं. नागानो, यामानाशी भागात काठावर फणा काढलेले साप, कानांच्या जागी माणसाचे चेहरे. यामानाशीतल्या एका मडक्यावर काठाला एक चेहरा आणि पोटावर दुसरा, त्याला बघणारे बाळंतपणाचं दृश्य म्हणतात. आणि निगाता भागात, शिनानो नदीच्या खोऱ्यात, जिथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीच्या वर बर्फ साचतो, तिथे ही ज्वाळांची मडकी. पहिलं १९३६ मध्ये नागाओकाच्या उमाताका इथे मिळालं. तोकामाचीच्या सासायामा इथली ५७ खोल मडकी १९९९ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झाली, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध मडकं ४६.५ सेंटिमीटर उंच आहे.

फोटो झूम करून बघा, एक गोष्ट लक्षात येईल, ते वेडंवाकडं अजिबात नाही. काठावर चार मोठे तुरे, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे, चार दिशांना. दोन तुऱ्यांच्या मधल्या काठाला करवतीसारखे दाते. मानेवर वळणारे पट्टे, खाली पोटावर उभ्या रेघा. हीच मांडणी मडक्यामागून मडक्यात. त्याच वस्त्यांमध्ये त्याच काळात तुऱ्यांऐवजी टोकदार, मुकुटासारखा काठ असलेला जुळा प्रकारही आहे, आणि कारागीर दोन्हींची सरमिसळ सहसा करत नाहीत. म्हणजे कुणा एका कलंदर कलाकाराची लहर नाही ही, कडक नियम आहेत, पिढ्यानपिढ्या पाळलेले. तारो ओकामोतो नावाच्या चित्रकाराने १९५१ मध्ये टोकियोच्या म्युझियममध्ये जोमोन मडकी पाहिली आणि पुढच्या वर्षी त्यांच्यावर झपाटून लेख लिहिला, तेव्हापासून ती कला म्हणून बघितली जायला लागली, त्याआधी ती पुरातत्त्वाची कपाटं भरायची. त्याचे उपकार आहेतच, पण त्यामुळेच ‘आदिम माणसाचा स्फोटक आवेग’ वगैरे भाषा सुरू झाली ती थांबतच नाही. आवेगात कुणी चार तुरे मोजून बसवत नाही.

आणि ही ज्वाळांची मडकी शोभेची नव्हती. आत करपलेल्या अन्नाचा थर, बाहेर काजळी. म्हणजे यात स्वयंपाक व्हायचा! ते तुरे सांभाळून ढवळायचं कसं, ओतायचं कसं, घासायचं कसं, ज्यांनी घरात भांडी घासलीयेत त्यांना लगेच कळेल. रोजचं रांधणं नसावं, सणावाराचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटतं. ज्वाळा म्हणजे खरंच ज्वाळा की पाण्याच्या लाटा की अजून काही, यावर ठामपणे बोलणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. ज्वाळा हे नाव विसाव्या शतकातलं आहे.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतं ते याच्या नंतरचं काम, इसवी सनपूर्व २५०० नंतर बहरलेलं. भडकपणा ओसरला, भिंती पातळ झाल्या, आणि दोरी परत आली पण एक नवीन खोडी घेऊन. आधी अंगभर दोरी लोटायची. मग वर टोकदार काडीने वळणदार रेघांनी आकार आखायचे. आणि मग एका बाजूच्या जागेतली दोरीची नक्षी घोटून पुसून टाकायची, पार गुळगुळीत होईपर्यंत. उरतो तो एक खरखरीत आकार आणि शेजारी चकाकणारा आकार, रंगाचा एक ठिपका न वापरता, नुसत्या उजेड-सावलीने दोन रंग झालेले. पुसणं हीच सजावट. याच काळात भांड्यांचे प्रकारही वाढले, वाडगे, थाळ्या, तोटी असलेली किटलीसारखी भांडी, छोटे नक्षीदार दिव्यासारखे आकार. आणि भांड्यांमध्ये चक्क जातपात आली म्हणा ना, रांधायची मडकी साधी, ओबडधोबड, आणि वाढायची-ओतायची भांडी बारीक मातीची, घोटलेली, नटवलेली. आधीच्या काळात नक्षी चुलीवर चढत होती, आता ती पंगतीत बसायला लागली. पाहुण्यांसमोर काय ठेवायचं ही काळजी किती जुनी आहे बघा. शेवटच्या टप्प्यात उत्तरेकडच्या कामेगाओका शैलीत तर काही भांड्यांवर झाडाच्या चिकापासून केलेल्या लाल रोगणाचा थर आहे.

मडक्याच्या भिंतीतही बरंच काही अडकून पडलंय. माती मळताना त्यात दाणा पडला तर भाजताना जळतो आणि त्याच्या आकाराची पोकळी राहते, त्यात सिलिकॉन ओतून साचा काढला की दाणा ओळखता येतो, सोयाबीनचे असे ठसे मिळालेत. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या तातेसाकी इथल्या एका मडक्याचं सीटी स्कॅन केलं तर भिंतीत सोंडकिडे निघाले, धान्यात होतात तेच, शेकड्यांनी. चारदोन असते तर चुकून पडले म्हटलं असतं, शेकड्यांनी म्हणजे मुद्दाम मळले असावेत असं संशोधकांना वाटतं.

आणि शेवटी काही मडकी चुलीवरून उतरून जमिनीत गेली. आओमोरीच्या सान्नाई मारुयामा या मोठ्या गावात तान्ही बाळं मडक्यात ठेवून पुरलेली सापडतात, एकदोन नाही, शेकडो, आणि त्या मडक्यांना मुद्दाम भोक पाडलेलं असतं. आपल्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावलाही घराच्या जमिनीखाली लहान मुलांना दोन मडक्यांची तोंडं जुळवून आत पुरायचे, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ती निघाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, मधे हजारो मैल आणि हजार-दीड हजार वर्षं आहेत, पण आकार बघितला की पोटातच परत ठेवल्यासारखं वाटतं खरं.

मग इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकात कोरियाकडून क्युशूमध्ये भातशेती आली आणि हळूहळू पूर्वेकडे सरकत गेली. तिच्याबरोबर नवी मडकी आली, साधी, सुबक, कमी नक्षीची, यायोई म्हणतात ती. पश्चिमेकडे दोरी लवकर सुटली. पूर्वेकडे मात्र भात पिकवायला लागलेले लोकसुद्धा यायोई आकाराच्या मडक्यांवर कितीतरी काळ दोरी लोटतच होते. आणि होक्काइदोच्या थंडीत त्या काळी भात होत नव्हता, तिथे मासे आणि शिकार तशीच चालू राहिली, आणि दोरीही, इसवी सनाच्या साधारण सातव्या शतकापर्यंत. तेव्हा दक्षिणेला नारामध्ये बौद्ध मंदिरं उभी राहिली होती.